शाळेतला आठवडा, घरातल्या आजीला कळेल असा (सोलापूर)

माळावरची | शनिवार, दुपारी ४:१०

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका इंटरनॅशनल शाळेत मी प्राथमिकच्या मुलांना मराठी शिकवते. शाळेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. हा धागा जाहिरातीसाठी नाही, आणि मुलं ओळखू यायला नकोत.

आमच्याकडे दर शुक्रवारी पालकांना आठवड्याचं पत्र जातं. ॲपवर, इंग्रजीत, फोटोंसकट. दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. तिसरीतल्या एका मुलाची आजी त्याला न्यायला फाटकापाशी उभी होती. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाई, नातवाच्या वहीत पानापानावर एन्क्वायरी लिहिलंय म्हणे. सुनेला विचारलं तर ती म्हणते, शिकवायची पद्धत आहे. पण तुम्ही खरं सांगा, आमच्या पोराची कसली चौकशी चाललीय?"

आठ दिवस तिनं हा घोर मनात ठेवला होता. मला फार वाईट वाटलं. आम्ही दर आठवड्याला पत्र पाठवतो आणि घरात मुलाजवळ सगळ्यात जास्त वेळ जी बसते, तिच्यापर्यंत त्यातलं एक अक्षर पोचत नाही.

त्याच रात्री बसून मी एक पान मराठीत लिहिलं. इंग्रजी पत्राचं भाषांतर केलं नाही, आठवड्यात वर्गात जे घडलं ते आजीला सांगावं तसं लिहिलं. मुख्याध्यापिकांना दाखवलं, त्या "पाठवा" म्हणाल्या. तेव्हापासून दर शुक्रवारी लिहिते. या आठवड्याचं पान खाली देतेय. तुमच्या घरात हे कोणी वाचलं असतं का, काय कमी आहे, काय जास्त आहे, मोकळेपणानं सांगा.

*

तिसरीची मुलं या आठवड्यात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचा कारखाना बघायला गेली. विषय होता 'वस्तू कशी तयार होते'. आत शिरल्याबरोबर बऱ्याच जणांनी कानांवर हात ठेवले. यंत्रमागांचा खडखडाट एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे, हे वर्गात शिकून गेले होते. पण चादरीवरचा मोर कुठून येतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मोर येतो वरून. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड नावाचं यंत्र बसवलेलं असतं आणि त्यातून पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. कारागीरकाकांनी माग थांबवला आणि एक पट्टी मुलांच्या हातात दिली. पट्टीला भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि तिचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. वर-खाली झालेल्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन धोटा एकदा पळाला की एक ओळ विणली, मग पुढची पट्टी. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं ही युक्ती १८०४ च्या सुमारास बसवली. एक मुलगा भोकातून एका डोळ्यानं बघत म्हणाला, "म्हणजे भोक म्हणजे हो आणि पुठ्ठा म्हणजे नाही." संगणकाच्या तासाला सर जे सांगतात ते हेच, असं दुसऱ्यानं लगेच जोडलं. पट्ट्या मोजायला घेतल्या, तीनशेच्या पुढे हिशेब चुकला, तो सोडून दिला.

परत आल्यावर फळ्यावर मी 'माग' लिहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्गात फारशी बोलत नाही, ती म्हणाली, "आमच्या घरी मग्गम म्हणतात." तेलुगू. लगेच एक मुलगा म्हणाला, "आमची आजी मग्ग म्हणते." कन्नड. तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले आणि मुलं बराच वेळ ते मोठ्यानं म्हणत राहिली. माग, मग्ग, मग्गम. त्या मुलीनं मग सगळ्यांना बाण्याच्या धाग्याची कांडी कशी भरतात ते हातानं करून दाखवलं.

पाचवी नान्नजला गेली होती. पहाटे साडेपाचला बस निघाली. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं, आपल्या शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, तरी वर्गातल्या तिघांनीच ते आधी पाहिलं होतं. काळविटांचा कळप दिसला, चंडोल दिसले. माळढोक दिसला नाही. तो वर्षाला साधारण एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि अंगानं जड, त्यामुळे विजेच्या तारांना धडकतो. हे ऐकल्यावर मुलं परतीच्या वाटेवर तारा मोजत होती.

फुटबॉलमध्ये आपण ३-१ हरलो. मुली चांगल्या खेळल्या.

पुढच्या आठवड्यात १२ जानेवारीची, चार हुतात्म्यांच्या स्मरणाची सभा आहे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत मिरवणुकीमुळे बसचे मार्ग बदलतील, वेळा बुधवारी कळवू.

*

एवढंच पान असतं.

---

आदिला | शनिवार, सायंकाळी ५:४५

वाचून गळा दाटून आला. आमच्या घरी सासूबाई चष्मा पुसून शाळेचे फोटो बघतात आणि "हे काय चाललंय?" विचारतात. मी ऑफिसमधून आलेली असते, "अगं काहीतरी प्रोजेक्ट आहे" म्हणून मोकळी होते. हे पान असतं तर त्यांनीच मला वाचून दाखवलं असतं.

एक मागणी मात्र आहे. झालेलं सांगता तसं होणारंही आधी सांगा. आमच्या मुलाच्या शाळेतून (तुमची नाही) रविवारी रात्री नऊला निरोप येतो, उद्या पांढरे बूट आणि पिवळा चार्ट पेपर. आम्ही दोघं नोकरीवाले. गेल्या महिन्यात नवरा रात्री दहाला सात रस्त्यापासून बाळ्यापर्यंत चार्ट पेपर शोधत फिरला. मिळाला नाही. मूल सकाळी रडत गेलं. आठवड्याच्या पत्रात हे चार दिवस आधी लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

---

माळावरची | शनिवार, रात्री ८:०२

आदिला, अगदी बरोबर. आमच्याकडेही हे होतं आणि पालक बोलून दाखवत नाहीत. पुढच्या पानापासून 'सोमवारी दप्तरात काय' अशी एक ओळ सगळ्यात वर टाकते. घरात असलेल्याच वस्तू मागायच्या, विकत आणावी लागेल अशी असेल तर आठवडाभर आधी, असं सोमवारच्या शिक्षकसभेत मांडते.

---

नवीपेठकर | शनिवार, रात्री ९:३०

लिखाण उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण एक सरळ प्रश्न. इंटरनॅशनल म्हणजे नेमकं काय? सोलापुरात गेल्या दहा-पंधरा वर्षांत कितीतरी फाटकांवर हा शब्द चढला. माझ्या पुतण्याची फी भरताना भावानं दुकानावर कर्ज काढलं. पोरगं हुशार आहे, काही म्हणणं नाही. पण त्याच्या वहीत जे आहे तेच माझ्या मुलीच्या साध्या शाळेच्या वहीत आहे. मग पैसे कशाचे? आणि ही आठवड्याची पत्रं म्हणजे बहुतेक ठिकाणी करंडक आणि पाहुण्यांचे फोटो. ज्याचं पोरगं फोटोत नाही त्यानं काय बघायचं?

---

माळावरची | शनिवार, रात्री १०:५५

प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाटीवरच्या 'इंटरनॅशनल' शब्दावरून काहीही कळत नाही. शाळेत गेल्यावर बोर्ड विचारायचं. नाव इंटरनॅशनल आणि बोर्ड सीबीएसई, असं खूप ठिकाणी असतं. सीबीएसई हे आपल्या देशातलं बोर्ड, त्यात वाईट काही नाही, पण मग जास्तीची फी कशाची हे विचारायचा पालकाला हक्क आहे. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) वेगळं. त्याची सुरुवात १९६८ मध्ये जिनिव्हात झाली, तेव्हा शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचा डिप्लोमा तेवढा होता. लहान मुलांचा पीवायपी १९९७ मध्ये आला, तो ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. केंब्रिजची आयजीसीएसई तिसरी, तिच्या परीक्षा १९८८ पासून होतात, साधारण आपल्या दहावीच्या वयाला. आयबी आणि केंब्रिज दोघांच्याही संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकून मान्यता तपासता येते. "मान्यता मिळालीय की अजून प्रक्रियेत आहे?" हेही तोंडावर विचारा. आमचं बोर्ड इथे लिहिलं तर शाळा लगेच ओळखू येईल, म्हणून थांबते.

ती आजी घाबरली होती तो 'एन्क्वायरी' शब्दही अशाच पद्धतींतला. पीवायपीत विषय सुटे सुटे न शिकवता पाच-सहा आठवडे एकाच मोठ्या प्रश्नाभोवती सगळे विषय फिरवतात. त्याला युनिट ऑफ इन्क्वायरी म्हणतात. मी मराठी पानात त्याला 'शोध' लिहिते. 'चौकशी' कधीच लिहीत नाही.

मराठीचं म्हणाल तर २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं झालं. माझी नोकरी तशी त्यावरच उभी आहे. पण सक्तीचा विषय आठवड्याला चार तासांत संपतो. घरी आजीशी, काकाशी, रिक्षावाल्या मामांशी बोलायला शाळेतलं काहीतरी मुलाच्या ओठावर मराठीत असावं लागतं. ते या पानातून मिळावं, एवढीच माझी धडपड.

फोटोंबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. माझ्या पानाला मी फोटो लावतच नाही.

---

जुना_मिलवाला | रविवार, सकाळी ६:२०

मी लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होतो. मिल बंद पडली त्यालाही आता तीस वर्षं होतील. भोंग्यावर उठायची सवय अजून गेली नाही, म्हणून एवढ्या सकाळी लिहितोय. टायपिंग नातीनं शिकवलं.

बाई, तुम्ही पट्टीचं लिहिलंत ते बरोबर आहे. पण पट्टीच्या आधीचं काम राहिलं. डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात. एक उभी रेघ म्हणजे एक ताण्याचा धागा, एक आडवी रेघ म्हणजे एक बाणा. चौकोन भरला की धागा वर, कोरा राहिला की खाली. मग पट्टी ठोकणारा तो कागद समोर लावून एक एक ओळ वाचतो आणि भोकं पाडतो. एक चौकोन चुकला तर मोराचा पाय तुटतो. आणि तो तुटलेला पाय प्रत्येक चादरीत येतो, कारण तीच माळ पुन्हापुन्हा फिरते. त्या माणसाचा डोळा फार तयार लागायचा. आमच्या खात्यातला एक जण दिवसभर ओळी वाचायचा आणि घरी गेल्यावर पेपर वाचायला नको म्हणायचा.

आपल्या चादरीचं आणखी एक. ती दोन्ही अंगांनी वापरता येते. वरच्या बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल. मुलांना सांगा, घरातली चादर उलटून बघा.

मुलांना चौकटीचा कागद द्या आणि स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर विणायला लावा. पाटीवर शिकलेलं विसरतं, असं केलेलं विसरत नाही.

---

माळावरची | रविवार, सकाळी ९:१५

काका, उद्याच करते. मनापासून आभार.

---

कांडीवाली | रविवार, दुपारी १:४०

मी या साइटवर नेहमी नुसती वाचते. आज लिहितेय.

बाई, तुमच्या पानातली ती मागच्या बाकावरची मुलगी माझी आहे, असं मला वाटतंय. घरी येऊन तिनं सांगितलं ते आणि तुम्ही लिहिलं ते तंतोतंत जुळतं. नाव विचारू नका, तुम्हाला कळलंच असेल.

आम्ही पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू. हिचे वडील यंत्रमागावर आहेत, सासूबाईंनी जन्मभर बिड्या वळल्या. मुलगी आरटीईच्या २५ टक्के राखीव जागेतून तुमच्या शाळेत आली. पहिली दोन वर्षं तिनं वर्गात वडिलांचं काम कधी सांगितलं नाही. कोणी विचारलं तर "कंपनीत आहेत" म्हणायची. मला कळायचं, मी रागावले नाही. तिच्या बाजूला बसणाऱ्या मुलीला सोडायला कार येते. हिला मी लुनावर सोडते.

परवा ती कारखान्यातून आली तेव्हा घरभर नुसती बोलत होती. वडील रात्रपाळीला जायच्या तयारीत होते. त्यांना थांबवून तिनं विचारलं, "नाना, तुमच्या मागावर किती पट्ट्या आहेत?" त्यांना आधी समजलंच नाही ही का विचारतेय. मग दोघं पंधरा मिनिटं बोलत बसले. उशीर झाला म्हणून त्यांना चहा उभ्यानंच प्यावा लागला. मग्गम शब्द फळ्यावर लिहिला गेला, हे तिनं नायनम्माला (आजीला, माझ्या सासूबाईंना) तीनदा सांगितलं.

तुमचं मराठी पान मी नायनम्माला तेलुगूत वाचून दाखवते. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

---

आदिला | रविवार, दुपारी २:०५

ताई, तुम्ही लिहिलंत हे किती बरं केलंत.

---

नवीपेठकर | रविवार, दुपारी ३:३०

ताई, नमस्कार. काल मी जरा तावातावानं लिहिलं. फीबद्दलचं म्हणणं कायम आहे, पण हे वाचल्यावर पत्राबद्दलचं मागे घेतो.

---

दुबईकर_सोलापुरी | रविवार, सायंकाळी ७:२०

लई भारी धागा. इथं माझं पोरगं दुबईच्या इंटरनॅशनल शाळेत आहे, तेवीस देशांची पोरं एका वर्गात. दर आठवड्याला शाळेचं पत्र येतं, एकदम चकाचक. परवा त्याला 'आपल्या गावचा एक माणूस' सांगायचं होतं. पोरगं विचारलालंय, बाबा, सोलापूरचं कोण? मी डॉ. कोटणीस सांगितले. १० ऑक्टोबर १९१० ला आपल्या सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले, वय फक्त ३२. त्याच्या वर्गात चीनची एक मुलगी आहे. तिला हे नाव आधीच माहीत होतं. ती म्हणे, आमच्याकडे शाळेत शिकवतात. माझ्या पोराला माहीत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाई, तुमच्या पानात गावचं काही ना काही दर आठवड्याला असू द्या.

---

माढ्याचे_गुरुजी | सोमवार, रात्री ८:४५

मी माढा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोन शिक्षकी शाळा. धागा दोन दिवस वाचतोय.

आमच्याकडे रोज सकाळी परिपाठ असतो. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या. बातम्या मुलंच सांगतात. पूर्वी पेपरातली बातमी पाठ करून यायची, मंत्र्यांचे दौरे वगैरे. दोन वर्षांपूर्वी मी सांगितलं, पेपर नको, आपल्या गावातली बातमी सांगा. आता "काल आमची शेळी व्याली, दोन करडं झाली", "बोअरला पाणी लागलं नाही, दोनशे फूट गेलं" अशा बातम्या येतात. शनिवारी त्यातल्या चार बातम्या मुलं फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहितात. तो फळा शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. बाजाराला जाणारी माणसं थांबून वाचतात.

बाई, तुमचं पान चांगलंच आहे. पण ते तुम्ही लिहिता. मुलांना लिहू द्या. चुका होतील, होऊ द्या. आजीला नातवाच्या अक्षरातलं वाचायला मिळालं तर ती ते पान उशाखाली ठेवेल.

दुसरं असं. आमच्याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेवर असताना रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. १० लाख डॉलरचा, आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. पुस्तकातले क्यूआर कोड त्यांनी सुरू केले हे सगळ्यांना माहीत आहे. पण मला त्यांचं जास्त आवडलेलं काम म्हणजे त्यांनी आपल्या खेड्यातल्या मुलांना परदेशातल्या मुलांशी बोलतं केलं. इंटरनॅशनल हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळेलाही लागू पडतो, असं तेव्हापासून मला वाटतं. मग तुमची शाळा आणि आमची शाळा यांच्यात तर फक्त तासा-दीड तासाचा रस्ता आहे. आपल्या मुलांनी एकमेकांना आठवड्याची बातमी का पाठवू नये?

---

माळावरची | सोमवार, रात्री ११:१०

गुरुजी, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. हे मला सुचायला हवं होतं. या शुक्रवारचं पान मुलं लिहितील. पत्रांचं मुख्याध्यापिकांशी बोलून कळवते. व्हिडिओ कॉल नको असं मला वाटतं, पोस्टकार्ड चालेल का?

---

माढ्याचे_गुरुजी | मंगळवार, सकाळी ६:५०

पोस्टकार्डच हवं. आमच्या मुलांना पोस्टमनकाका माहीत आहेत, पण त्यांच्या नावानं कधी काही आलेलं नाही.

---

माळावरची | शनिवार, दुपारी ३:२५

मंडळी, मुलांनी लिहिलेलं पहिलं पान. शुद्धलेखन दुरुस्त करून देतेय (मूळ पानात तसंच ठेवलंय). चार मुलांच्या गटानं लिहिलं, मी फक्त "अजून काय?" एवढंच विचारत होते.

*

सोमवारी दप्तरात: काही नाही. फक्त घरातली एक जुनी चादर उलटून बघून या.

१२ जानेवारीला सभा झाली. १९३१ मध्ये याच दिवशी आपल्या गावच्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. मार्शल लॉ म्हणजे गावावर लष्कराचा हुकूम. आम्ही चार भाषांत बोललो. कन्नडमध्ये, उर्दूत, मराठीत आणि हिंदीत. माईक बंद पडला. मग सगळे पुढे येऊन बसले आणि उर्दूचं सगळ्यांना ऐकू आलं. हुतात्मा चौकात चौघांचे पुतळे आहेत, आम्ही बसमधून रोज बघतो. आता नावं पण येतात.

चौकटीच्या कागदावर आम्ही स्वतःचं अक्षर विणलं. 'म' सोपा आहे. 'क्ष' फार अवघड आहे. क्षितिजाला (हे खोटं नाव आहे, बाई म्हणाल्या खरं लिहायचं नाही) तीन कागद लागले. एका चौकोनाची चूक झाली की अक्षर वेगळंच दिसतं.

गड्ड्याची सुट्टी होती. सात नंदीध्वज असतात, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या. सिद्धरामेश्वरांनी ६८ लिंगं स्थापन केली, त्या सगळ्यांना पहिल्या दिवशी तेल लावतात. संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात, ते सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं लग्न असतं. आमच्यातला एक जण बाराबंदी (यात्रेतला पांढरा पोशाख) घालून काठीबरोबर चालला. त्याचे पाय दुखले पण त्यानं सांगितलं नाही, आईला पायावरून कळलं. गड्ड्यात एकानं पाळण्यात बसून डोळे मिटले ते खाली आल्यावरच उघडले.

आम्हाला दुःख झालं ती बातमी: वर्गातलं कासवाचं चित्र कोणीतरी फाडलं. कोणी ते माहीत नाही. आम्ही चिकटवलं.

*

फाडलेल्या चित्राची बातमी मी स्वतः कधीच लिहिली नसती. मुलांनी ती टाकायचीच असा हट्ट धरला. काल फाटकापाशी तिघा पालकांनी तेवढ्याच ओळीबद्दल विचारलं. आज सकाळी एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, ते माझ्याकडून फाटलं." त्याच्या आजोबांनी पान मोठ्यानं वाचलं होतं.

---

जुना_मिलवाला | शनिवार, सायंकाळी ६:०५

चौघांची नावं मुलांच्या तोंडी आली, बरं वाटलं. माझे वडील तेव्हा पंधरा वर्षांचे होते. गांधी टोपी दिसली की काढायला लावायचे, असं ते सांगायचे. त्यांनी स्वतःची टोपी आईच्या कणगीत ज्वारीखाली लपवली होती. हे मुलांना सांगा.

'क्ष' अवघड का, तर त्यात तिरक्या रेघा फार. तिरकी रेघ चौकोनात पायऱ्यापायऱ्यांनी चढवावी लागते. त्या मुलीला सांगा, चौकोन लहान घे, म्हणजे पायऱ्या दिसणार नाहीत. मोराची मान आम्ही तशीच करायचो.

---

आदिला | रविवार, सकाळी १०:३०

'सोमवारी दप्तरात: काही नाही' हे वाचून मी खरंच सुस्कारा सोडला. आमच्या शाळेच्या पालकसभेत तुमचं पान दाखवू का?

---

माळावरची | रविवार, सकाळी ११:००

जरूर दाखवा.

पोस्टकार्डांना परवानगी मिळाली. चोवीस मुलं, चोवीस कार्डं. ५० पैशांप्रमाणे बारा रुपये. पोस्टात खिडकीवरच्या ताईंनी विचारलं, एवढी कशाला? सांगितल्यावर त्यांनी आतून नवा गठ्ठा काढून कोरी करकरीत कार्डं मोजून दिली. बऱ्याच मुलांना पत्ता कुठे लिहायचा हेच माहीत नव्हतं, एक पूर्ण तास त्यात गेला. पिनकोडचे सहा चौकोन त्यांना फार आवडले.

---

माढ्याचे_गुरुजी | गुरुवार, रात्री ८:१५

कार्डं आज पोचली. पोस्टमननं शाळेच्या दारात उभं राहून एकेकाचं नाव पुकारलं. आमच्याकडे पट एकोणीस, त्यामुळे पाच कार्डं जास्तीची झाली. ती पहिलीतल्यांनी मिळून ठेवून घेतली.

तुमच्या मुलांनी विचारलंय, तुमची बस किती वाजता येते? आमची मुलं उत्तर लिहितायत की आमच्याकडे बस नाही, आम्ही ओढ्याच्या कडेनं चालत येतो आणि वाटेत बोरं आहेत. बोरं पाठवता येतील का हेही विचारलंय, मी नाही म्हणालो.

एका कार्डावर एका मुलीनं लिहिलंय की तिचे वडील मागावर आहेत आणि तुटलेला धागा ते डोळे मिटूनही जोडतात. आमच्या चौथीतल्या एका पोरानं ते वाचून दोऱ्याचे दोन तुकडे घेतले आणि दिवसभर गाठी मारत बसला. त्याची गाठ मोठी होते, मागाच्या फणीतून जाणार नाही असं त्याला स्वतःलाच वाटतंय. तो विचारतोय, विणकराची गाठ बारीक कशी राहते?

---

कांडीवाली | गुरुवार, रात्री ९:५०

गुरुजी, ती माझीच. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, लिहून समजणार नाही, करून पाठवू. रविवारी त्यांना सुट्टी आहे. एका कार्डावर गाठ अर्धी मारलेली, दुसऱ्यावर पूर्ण ओढलेली, अशी चिकटवून पाठवतो. एक टोक लाल आणि एक पांढरं घेतलंय, म्हणजे कुठला धागा कुठून गेला ते त्या पोराला दिसेल.